रत्नप्रभाच्या पिस्तुलाची मूठ

"टक" असा बारीक आवाज झाला. गोळी उडाली नाही.

रंजनीनं हात खाली घेतला नाही. पिस्तुलाची नळी पंचवीस मीटरवरच्या निशाणाकडे रोखून ती तशीच उभी राहिली. गोळी उडाली नाही तर असं थांबायचं असतं, कारण कधी कधी ती उशिरा उडते. मग तिनं ती गोळी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. तिथं आधीच्या दोन होत्याच. दहांपैकी तीन.

"सॉरी अंकल," ती म्हणाली. "अक्काच्या हातात हे असं कधीच करत नव्हतं."

पिस्तूल माझ्या बायकोचं. रत्नप्रभा ऑगस्टात गेली. ती अड्यारच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. शाळेच्या मुलींना घेऊन एकदा या क्लबवर आली होती, तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून तिच्या हातात एअर पिस्तूल दिलं. त्या दिवशी घरी येऊन ती जेवताना काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला ते शिकायचंय." तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. पुढे परवाना काढला, हे पॉइंट टू-टूचं जर्मन पिस्तूल घेतलं आणि शेवटच्या आजारापर्यंत दर रविवारी ती इथं येत राहिली. शिकारीसाठी नाही, संरक्षणासाठी नाही. कागदावरच्या काळ्या गोलात भोक पाडण्यासाठी.

ती गेल्यावर पिस्तूल क्लबच्या शस्त्रागारात जमा झालं. वारस मी, पण मला परवाना नाही आणि नेमबाजीही येत नाही. ठेवून घेण्याची मुदत या महिन्यात संपत होती. रंजनी तिच्या हाताखाली तयार झालेली मुलगी, म्हणजे आता चाळिशीची बाई, अण्णा नगरच्या एका बँकेत अधिकारी. तिच्या परवान्यावर एक जागा शिल्लक होती आणि हे पिस्तूल तिला हवं होतं. फक्त ते चालू स्थितीत आहे असं क्लबचे शस्त्रपाल अमरसिंह यांनी लिहून द्यायला हवं होतं.

अमरसिंह फौजेतून निवृत्त झालेले. चेन्नईत पंचवीस वर्षं काढली, तरी माझ्याशी हिंदीच बोलतात. त्यांनी तीन गोळ्या हातात घेतल्या आणि मान हलवली.

"साहेब, पिन गेली ह्याची. जुनं मॉडेल, आता बनत नाही. पार्ट मिळणार नाही. मी नादुरुस्त लिहितो, तुम्ही पोलिसांकडे देऊन टाका."

"ते काय करतात?"

"वितळवतात."

माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत रत्नप्रभाचे थोरले भाऊ अनंतराव बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे. रत्नप्रभाचं माहेर तंजावरचं, तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठ्यांपैकी. मी सांगलीचा, नोकरीसाठी आलेला. माझं मराठी त्यांना वर्तमानपत्रासारखं वाटतं आणि त्यांचं मला जुन्या बखरीत तमिळ मिसळल्यासारखं. मला ते माप्पिळ्ळै म्हणतात, म्हणजे तमिळमध्ये जावई.

"वितळवणें?" ते म्हणाले. "माप्पिळ्ळै, घरचें शस्त्र वितळवूं देणार काय तुम्ही? आमचे घरीं शस्त्र मोडलें तरी देवघरांत ठेवितात."

"अण्णा, कायदा आहे."

"कायदा आहे, सरी. मग ह्या सिंगास सांगा, कायद्यानें नीट करून दे म्हणून." सरी म्हणजे तमिळमध्ये ठीक.

अमरसिंह हसले. मराठी त्यांना कळत नाही, पण आपल्याबद्दल बोलणं चाललंय एवढं कळलं.

मी अंबत्तूरला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटी विभागात होतो. दहांत तीन नापास म्हणजे सगळा माल परत. दुसऱ्या कुणाचं पिस्तूल असतं तर मीही नादुरुस्तच लिहिलं असतं. पण रत्नप्रभानं हॉस्पिटलात मला सांगितलं होतं, "माझं पिस्तूल रंजनीला द्या. ते कधी अडत नाही." हे असं ती माणसांबद्दल बोलत नसे. माझ्याबद्दल तर नाहीच. तिनं एका गोष्टीवर एवढा भरवसा ठेवला होता आणि ती गोष्ट मी वितळवायला द्यायची, हे मला जमेना.

"त्या गोळ्या बघू," मी म्हणालो.

अमरसिंहांनी भिंग दिलं. या गोळीचा पेटणारा मसाला तिच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटली की ठिणगी पडते. न उडालेल्या तिन्ही गोळ्यांच्या कडेवर खूण होती, पण नखानं दाबल्यासारखी उथळ. मग मी उडालेल्यांच्या रिकाम्या पुंगळ्या जमिनीवरून गोळा केल्या. त्यांच्यावरची खूण खोल होती. स्वच्छ, चौकोनी, कडा धारदार.

"रंजनी, हे बघ. पिन झिजली असती तर सगळ्याच खुणा बिघडल्या असत्या. इथं एक उत्तम आणि एक अर्धी. झिजलेला भाग असा कधी हो कधी नाही करत नाही."

"मग?"

"काहीतरी अडकतंय. अमरसिंहजी, उघडता का?"

"उघडतो. पण लिहायचं तेच लिहीन."

"लिहा. आधी उघडा."

त्यांनी टेबलावर पांढरं कापड पसरलं. मॅगझीन काढलं, नळी रिकामी असल्याचं आम्हा दोघांना दाखवलं आणि मग एकेक भाग सुटा करू लागले. मी आयुष्यात हजारो भाग पाहिले, पण हे पिस्तूल आतून कधी पाहिलं नव्हतं. पंधरा वर्षं ते माझ्या घरच्या तिजोरीत होतं आणि मी त्याला हात लावला नव्हता. एकही भाग दुसऱ्यावर ओढून ताणून बसवलेला नव्हता. प्रत्येक भाग आपल्या जागेतून सहज निघत होता आणि निघताना थोडा रेंगाळत होता, इतकं माप बरोबर. मी खुर्ची पुढे ओढली. माझ्या कंपनीत जर्मन पाहुणे यायचे तेव्हा आम्ही त्यांना आमचा सगळ्यात चांगला नमुना दाखवायचो. त्यांनी तो हातात घेऊन मान डोलावली की आम्हाला दिवाळी. इथं मान डोलावणारा मी होतो.

अमरसिंह एकदम थांबले. पिन ज्या बारीक भोकातून पुढेमागे सरकते, त्यात त्यांनी सुई घातली होती. सुईच्या टोकाला तांबूस पिवळा गोळा लागून आला. वाळलेला, चिकट.

"हा गंज नाही," ते म्हणाले.

त्यांनी सुई नाकाजवळ नेली आणि माझ्याकडे दिली. मी वास घेतला. चंदन. चंदनात तिळाचं तेल.

रंजनीनंही वास घेतला. मग आम्ही तिघांनीही अनंतरावांकडे पाहिलं.

"काय तें?" ते म्हणाले.

"मामा," रंजनी म्हणाली, "आयुधपूजेला तुम्ही आला होतात ना?"

खंडेनवमीला इथं आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी चेन्नईत बसपासून लेथ मशीनपर्यंत सगळ्यांना गंध, कुंकू आणि झेंडूची माळ. रस्त्यावर कुंकू भरलेले कोहळे फोडतात, दुसऱ्या दिवशी स्कूटरी घसरतात. क्लबवरही सगळी शस्त्रं लांब टेबलावर मांडतात आणि घरची माणसं येतात. अनंतराव दरवर्षी यायचे. त्यांच्या घरात पूर्वी तलवारी होत्या. आता एक कट्यार आहे आणि तिला धार नाही. म्हणून बहिणीचं पिस्तूल हेच त्यांचं शस्त्र. या वर्षी मी गेलो नव्हतो. ते एकटेच आले होते.

"आलों होतों. पूजा केलों," ते म्हणाले. "चंदन, कुंकू, नल्लेण्णै. तलवारीस जसें लावितात तसें."

नल्लेण्णै म्हणजे तिळाचं तेल.

"कुठं लावलंत?" मी विचारलं.

"मागें, घोडा असतो तेथें. तोंडास लावणें बरें दिसेना. मागल्या बाजूस फट होती, तींत चांगलें भरून लाविलों."

"भरून!" मी म्हणालो. रंजनीनं अमरसिंहांना हिंदीत सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. मी वरून पुसलं. आत बघितलं नाही. त्या दिवशी शंभर बंदुका पुसल्या."

"तीनशें वर्षें तलवारीस लावितों," अनंतराव म्हणाले. "एक तलवार कधीं टक म्हणाली नाहीं."

रंजनीला हसू आवरेना. मलाही. रत्नप्रभा गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो. अनंतराव आधी रागावले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पण रत्ना असतांही मी दर वर्षीं लावीत होतों," ते म्हणाले. "तेव्हां कां नाहीं अडलें?"

याचं उत्तर रंजनीला माहीत होतं. "मामा, अक्का ते तुम्हाला कधी उघडं देत होती का? आठवा."

अनंतराव आठवू लागले. "नाहीं. रेशमी खणांत गुंडाळून ठेवीत होती. म्हणे, अण्णा, ही पडद्यांतली बाई आहे, खणावरूनच कुंकू लावा."

"तेच. खण घरी नेऊन धुवायची आणि मला म्हणायची, अण्णांची पूजाही झाली आणि पिस्तूलही वाचलं."

"मला कधीं सांगितली नाहीं," ते म्हणाले. मग, "बरें केली. सांगितली असती तर मी भांडलों असतों."

अमरसिंहांनी पिन द्रावात बुडवली आणि बारीक ब्रशानं भोक साफ करायला घेतलं. कापडावर तांबडे ठिपके पडत होते. पिन धुऊन, पुसून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मंगळसूत्राच्या एका वाटीएवढंही तिचं वजन नसेल. मी भिंगातून तिचं टोक पाहिलं. पंधरा वर्षं, हजारो वेळा हे टोक पितळेवर आपटलं होतं. त्याला कुठं चपटेपणा नव्हता, कुठं चीर नव्हती. नवा भाग तपासायला आला असता तर मी याच्याशी ताडून पाहिला असता. कुणीतरी कुठंतरी, मला कधीच दिसणार नाही अशा कारखान्यात, हे पोलाद नीट तापवलं होतं, नीट थंड केलं होतं आणि नापास माल बाजूला टाकला होता. त्या माणसाला मी मनात नमस्कार केला. खरंच केला.

"स्प्रिंग बघा," रंजनी म्हणाली. "तिची गोष्ट तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हती.

"पाच वर्षांपूर्वी जुनी स्प्रिंग दबली. एका दुकानदारानं दुसरी दाखवली, स्वस्त, कुठं बनवलेली देव जाणे. म्हणाला, मॅडम, बरोबर मापात बसते, आज लावतो, उद्या खेळा. अक्का म्हणाली, नको, मूळ कंपनीचीच मागवा. परदेशातून यायला वर्ष लागलं. त्या वर्षीची राज्य स्पर्धा तिनं सोडली."

"ते आठवतं. तब्येत बरी नाही म्हणाली होती."

"दुकानदार चिडला. म्हणाला, मॅडम, तुम्हाला स्प्रिंगमधलं काय कळतं? तर अक्का म्हणाली, मापात बसणं वेगळं आणि टिकणं वेगळं. दोन स्प्रिंगा दिसायला सारख्या असतात, पण एक दाबून दाबून थकते. माझ्या घरी रोज जेवताना मी हेच ऐकते."

हे वाक्य माझं होतं. शब्दांसकट माझं. मी ते सांबार वाढून घेताना, कंपनीतल्या कुठल्यातरी पुरवठादारावर चिडून म्हणत असे. रत्नप्रभा "हं" म्हणायची. मला वाटायचं तिचं लक्ष मुलींच्या परीक्षेच्या पेपरांत आहे.

अमरसिंहांनी स्प्रिंग मोजपट्टीला लावली. "दबलेली नाही," ते म्हणाले. "जराही नाही."

त्यांनी पिस्तूल पुन्हा जोडलं. आता ते घाई करत नव्हते. मघाशी ते एक काम उरकत होते, आता त्यांनाही बघायचं होतं.

वाळूच्या पिशवीवर टेकवून चाचणी झाली. रंजनीनं एक गोळी झाडली. मग दुसरी. मग मॅगझीन भरत गेली आणि झाडत गेली. मी कानांवर आवाज रोखणारे जाड कप लावून मागे उभा होतो. प्रत्येक वेळी मी "टक"ची वाट पाहायचो, पण तो आला नाही. मॅगझीनमागून मॅगझीन संपलं. गोळ्यांची अख्खी पेटी संपली. पिस्तूल एकदाही अडलं नाही.

अमरसिंहांनी दोरी ओढून निशाणाचा कागद आणला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि माझ्या हातात दिला. मधोमध एकच भोक होतं, पाच रुपयाच्या नाण्याएवढं, कडेला जरा फाटलेलं. सगळ्या गोळ्या त्यातून गेल्या होत्या. मला वाटलं पुष्कळशा बाहेर गेल्या असतील. मी कागद उलटा करून पाहिला. बाहेर एकही नव्हती.

"हे पिस्तुलाचं काम," रंजनी म्हणाली. "पिशवीवरून मारलं ना, म्हणून. हातात धरून मी एवढं करू शकत नाही. अक्का याच्या बऱ्याच जवळ जायची."

रोज सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत रत्नप्रभा बाल्कनीच्या दारात उभी राहायची. उजवा हात सरळ लांब, हातात वाळू भरलेली बाटली, नजर समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर. मी पेपर वाचायचो. कधी विचारलं, "दुखत नाही का?" तर म्हणायची, "दुखण्याच्या पलीकडे एक जागा आहे, तिथं हात गप्प होतो." मला ते तेव्हा कळलं नाही. आता तो कागद हातात धरून मी समजून घ्यायचा प्रयत्न करत होतो. हे यंत्र स्वतः इतकं अचूक होतं की जी काही चूक व्हायची ती माणसाच्या हाताची. आणि ती बाई कुकरच्या शिट्ट्या मोजत तेवढी चूक कमी करत बसली होती, वर्षानुवर्षं, माझ्यापासून चार पावलांवर.

मी खाली बसून पुंगळ्या गोळा केल्या आणि पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडल्या. भिंग घेऊन एकेक पाहिली. प्रत्येकीच्या कडेवर तीच चौकोनी खूण, त्याच खोलीची. शेवटची पुंगळी पाहिल्यावर मी पुन्हा पहिली पाहिली. तीस वर्षांत मी इतका एकसारखा माल पाहिला नव्हता.

"लिहितो, साहेब," अमरसिंह म्हणाले. त्यांनी रंजनीच्या अर्जावर 'उत्तम स्थितीत' लिहिलं आणि सही केली.

अनंतराव खुर्चीतून उठले. खिशातून कुंकवाची पुडी काढली. अमरसिंह दचकून पिस्तुलाच्या आडवे उभे राहिले.

"भिऊं नको, सिंगा," अनंतराव म्हणाले आणि त्यांनी रंजनीच्या कपाळाला बोट लावलं. "शस्त्र चालवील तीस लाविलें म्हणजे झालें. रत्ना हेंच करवीत असती."

रंजनीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग पिस्तूल उचललं आणि मूठ धरून पाहिली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही मूठ मला बसत नाही अंकल. मघाशी कशीबशी धरली. माझा हात मोठा आहे."

अशा पिस्तुलाची मूठ लाकडाची असते आणि ज्याच्या त्याच्या हातासाठी घडवतात. कानशीनं घासायची, कमी पडेल तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पुन्हा घासायची. रत्नप्रभानं ही मूठ वर्षभर घडवली होती. स्वयंपाकघरात लाकडाचा भुसा दिसला की मी कुरकुर करायचो.

"कापून मोठी करू," अमरसिंह म्हणाले आणि त्यांनी ड्रॉवरमधून कानस काढली.

मी कानशीकडे बघत राहिलो. नको म्हणायचा मला हक्क नव्हता, पिस्तूल आता रंजनीचं होतं. पण रंजनीनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन म्हणाली, "नको, नको. मी नवी करून घेते. ही अंकलना द्या. चालेल ना?"

"लाकूड आहे," अमरसिंह म्हणाले. "लाकडाला कसला परवाना?"

त्यांनी एक स्क्रू सोडवला. मूठ निघाली आणि त्यांनी ती माझ्या हातात दिली. पिस्तूल पेटीत बंद होऊन शस्त्रागारात गेलं. ते जाताना पाहून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. ते चांगल्या हातात गेलं होतं आणि चालू होतं.

परत येताना टॅक्सीत मी ती मूठ धरून पाहिली. माझा हात आत जाईना. अंगठ्याची जागा लहान, तळव्याची फुगीर. मग मी धरायचं सोडून नुसती बोटं फिरवली. मधल्या बोटाची खाच, अनामिकेची खाच, आणि सगळ्यात खाली करंगळीची. ती खाच वाकडी होती. लहानपणी दारात सापडून रत्नप्रभाची उजवी करंगळी वाकडी झाली होती. तिनं लाकूडही तसंच कोरलं होतं, बोट बसेल असं. मी बराच वेळ त्या खाचेत माझं बोट ठेवून बसलो. जगात तिचा दुसरा फोटो, दुसरी साडी मिळेल. पण तिच्या हाताचा आकार एवढ्या एकाच जागी शिल्लक होता आणि तो तिनं स्वतः घासून काढला होता, जेणेकरून काही अडू नये.

अनंतराव खिडकीतून बाहेर बघत होते. अड्यारचा पूल आला तेव्हा ते म्हणाले, "माप्पिळ्ळै, येत्या नवमीस हीस तरी चंदनकुंकू लावूं काय? हींतून कांहीं उडावयाचें नाहीं."

"लावा अण्णा. नल्लेण्णैत कालवून लावा." मग मी म्हणालो, "पण बाहेरून. खाचांत नको."

"खाचांत कशास लावीन?" ते म्हणाले. "तेथें तिचीं बोटें आहेत."